जुनी वही बंद करण्याआधी: कंपनीत बदल राबवणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरसाठी

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात आम्ही स्टोअरची रजिस्टरं बंद करून ईआरपी (कंपनीचा सगळा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि बारकोड स्कॅनर आणले, तेव्हा माझ्या प्लॅनमध्ये सगळं होतं. सर्व्हर, लायसन्स, वायफाय, ट्रेनिंगच्या हजेरीवर सगळ्यांच्या सह्या. सुरू करायची तारीख १ एप्रिल. चौथ्या दिवशी प्रेस शॉपची एक लाइन उभी राहिली. सिस्टिमप्रमाणे कॉइल (पत्र्याचं गुंडाळं) शिल्लक होती, रॅकवर मात्र नव्हती. ती शेजारच्या युनिटला उसनी गेलेली होती. अशी उसनवारी दोन्हीकडून वर्षानुवर्षं चालायची, आणि तिची नोंद स्टोअरकीपर नानांच्या निळ्या रजिस्टरच्या शेवटच्या आठ-दहा पानांवर पेन्सिलने असायची. आम्ही रजिस्टरचे कॉलम सिस्टिममध्ये नेले होते. मागची पानं कोणी उलटलीच नव्हती.

"नाना, हे आधी का नाही सांगितलं?"

"मॅडम, तुम्ही जे विचारलं ते सगळं सांगितलं. हे कोणी विचारलंच नाही."

तेव्हापासून नवं काम हातात घेतलं की मी आधी मागची पानं उलटते. कुठलीही जुनी पद्धत एक काम उघड करत असते आणि दुसरं गुपचूप. उघड काम सॉफ्टवेअरवाला उचलतो. गुपचूप चाललेलं काम शोधणं ही प्रोजेक्ट मॅनेजरची जबाबदारी, कारण बदल अडतो तो तिथेच. पुढे लिहिलंय ते सातपूर, अंबड, सिन्नरच्या मध्यम कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून, पण हॉस्पिटल, पतसंस्था किंवा शिक्षणसंस्थेतही हाच क्रम चालतो.

सगळ्यात आधी: शेठ स्वतः काय सोडणार?

प्रोजेक्टला एक पाठीराखा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती माणूस निवडताना. आयटीचा प्रमुख हा पाठीराखा होऊ शकत नाही. प्रॉडक्शन आणि अकाउंट्स या दोघांनाही "हे असंच होणार" असं सांगू शकेल, असा माणूस हवा. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत तो स्वतः मालक किंवा प्लांट हेड असतो.

त्याच्याकडून एका पानावर तीन गोष्टी लिहून घ्या. दोन खात्यांचं जुळलं नाही तर निर्णय कोण आणि किती वेळात देणार. पहिले सहा आठवडे तो रोज पंधरा मिनिटं शॉप फ्लोअरवर येणार का. आणि तिसरी, सगळ्यात अवघड: ठरलेल्या तारखेनंतर तो जुना रिपोर्ट मागणार नाही. ही तिसरी गोष्ट मी अक्षरशः सहीनिशी घेते. रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर "ती नेहमीची शीट पाठवा" असा एक मेसेज आला, की खालचा माणूस दुसऱ्या दिवसापासून दोन्ही ठेवायला लागतो. जी शीट साहेब बघतात तीच खरी, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. मग सिस्टिममध्ये संध्याकाळी एकदम बसून काहीतरी भरलं जातं.

हे पान मिळत नसेल तर प्रोजेक्टची तारीख देऊ नका.

एक शिफ्ट बसून बघा. मग तिसरी शिफ्टही.

कॉन्फरन्स रूममध्ये खातेप्रमुखांना बोलावून "सध्याची पद्धत काय?" असं विचारलं, तर जी पद्धत असायला हवी ती सांगितली जाते. प्रत्यक्षातली बघायला जागेवर बसावं लागतं. एक पूर्ण फर्स्ट शिफ्ट आणि एक रात्रपाळी. रात्री स्टोअरचा माणूस नसतो, किल्ली सुपरवायझरकडे असते, क्वालिटीचा एकच इन्स्पेक्टर चार लाइन बघत असतो. दिवसा नियमाने चालणारी अर्धी कामं रात्री ओळखीवर चालतात, आणि नवी सिस्टिम सगळ्यात आधी रात्रीच तुटते.

बसल्यावर मी साधारण हे विचारते:

- या वहीच्या मागच्या पानांवर, समासात, पुठ्ठ्याच्या आत काय लिहिलंय?
- दिवसभरात तुमच्याकडे कोण कोण काही विचारायला येतं?
- लाइट गेली, गाडी लवकर आली, साहेब सुट्टीवर असले, तर काय करता?
- ही वही उद्या हरवली तर सगळ्यात आधी कोण ओरडेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खातेप्रमुखाचं नाव नसतं. एकदा उत्तर आलं, "कॅन्टीनवाला." ओव्हरटाइमला किती माणसं थांबणार हे तो त्याच वहीत बघायचा आणि त्यावर रात्रीच्या जेवणाची संख्या ठरवायचा.

आता गुपचूप चालणाऱ्या कामांतलं सगळ्यात नाजूक काम. मशीन शॉपमध्ये चांगला दिवस असला की सुपरवायझर सगळा माल त्या दिवशीच्या रिपोर्टला दाखवत नाही. थोडा बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी टूल तुटलं, ऑपरेटर आला नाही, की तो माल पुढे करतो. कागदावर रोजचा आकडा सरळ दिसतो, वरून फोन येत नाही, इन्सेंटिव्हही सुटत नाही. कोणी याला चोरी म्हणेल. मी म्हणत नाही. एकही रुपया कोणाच्या खिशात जात नाही, आणि रोजच्या चढउतारावर रोज जाब विचारणाऱ्या व्यवस्थेतून माणसाने काढलेली ही वाट आहे. पण तुम्ही प्रत्येक ट्रॉलीला बारकोड लावता, तेव्हा ती वाट बंद होते. सुपरवायझर हे तोंडाने सांगणार नाही. तो सांगेल, "स्कॅनर हळू चालतो."

यावर मला सापडलेला एकच उपाय आहे. सुरुवातीच्या साठ्यात जो जास्तीचा माल निघेल तो कुठून आला हे विचारायचं नाही, आणि पहिले तीन महिने तासातासाच्या आकड्यावरून कोणाला मेमो किंवा इन्सेंटिव्हची कपात नाही, हे प्लांट हेडने लेखी देऊन सगळ्यांसमोर जाहीर करायचं. मग ते पाळायचं. दुसऱ्याच आठवड्यात एखादे साहेब स्क्रीन बघून लाइनवर ओरडतात, तेव्हा त्यांना केबिनमध्ये नेऊन त्या कागदाची आठवण द्यायची हिंमत प्रोजेक्ट मॅनेजरकडे हवी. मला ती पहिल्या खेपेला नव्हती.

कोणाचं काय जातं, याचा कागद

यानंतर एक साधी शीट बनवा: माणूस किंवा गट, त्याला काय मिळतं, त्याचं काय जातं, आपण बदल्यात काय देऊ शकतो. "काय जातं" हा रकाना रिकामा राहिला तर तुम्ही त्या माणसाशी बोललेले नाही आहात.

आमच्या नानांचं काय जात होतं? पंचवीस वर्षं कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त त्यांना ठाऊक होतं. मॅनेजरसुद्धा त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. स्कॅनर आला की कालचा ट्रेनीही तेच सांगणार. त्यांना "तुमचं काम सोपं होईल" असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. शेवटी आम्ही पार्ट नंबरची मूळ यादी, जिला मास्टर डेटा म्हणतात, ती तपासून मंजूर करायचा अधिकार त्यांना दिला. नवा पार्ट त्यांच्या मंजुरीशिवाय सिस्टिममध्ये चढत नाही. मान राहिला, आणि एकाच बोल्टचे चार कोड तयार होणंही थांबलं.

या शीटमधून हमखास सुटणारी मंडळी म्हणजे गेटवरचे सिक्युरिटी, कंत्राटी कामगार, माल घेऊन येणारे टेम्पोवाले आणि जॉबवर्क (आपला माल नेऊन त्यावर बाहेर काम) करणारे छोटे युनिटवाले. इनवर्डची, म्हणजे आत येणाऱ्या मालाची, पहिली नोंद गेटवर होते. तिथल्या माणसाची एजन्सी वेगळी, म्हणून त्याला ट्रेनिंगला कोणी बोलावत नाही. मग गेटबाहेर गाड्यांची रांग लागते आणि दोष सॉफ्टवेअरला जातो.

बदल राबवण्याच्या शास्त्राबद्दल थोडक्यात. कुर्ट लेविनचे तीन टप्पे, जॉन कॉटरच्या आठ पायऱ्या हे सगळं वाचून ठेवावं, मुलाखतीत विचारतात. रोजच्या कामात मला जेफ हायटचं अडकार (ADKAR) हे पाच पायऱ्यांचं मॉडेल उपयोगी पडतं: जाणीव, इच्छा, माहिती, जमणं आणि टिकणं, या क्रमाने माणूस बदलतो. त्याचा उपयोग निदानासाठी करा. माणूस कुठल्या पायरीवर अडलाय ते आधी बघा, कारण ट्रेनिंग हे औषध फक्त तिसऱ्या पायरीच्या दुखण्यावर चालतं. सुपरवायझरला स्कॅनर वापरता येतो आणि वापरायचा नाहीये, अशा वेळी त्याला पुन्हा ट्रेनिंगला बसवणं हा दोघांच्याही वेळेचा अपव्यय. आणि रिपोर्टमध्ये "कामगारांचा विरोध" हे शब्द लिहू नका. कोणाची, कशाबद्दलची, कुठली अडचण, ते लिहा.

युनियन, करार आणि २१ दिवस

नाशिकच्या कारखान्यात हा भाग गाळून चालत नाही. तुमचा बदल शिफ्टच्या वेळा, विश्रांतीची वेळ, भत्ते, चालत आलेली एखादी सवलत, शिस्तीचे नवे नियम किंवा माणसांची संख्या यांना हात लावत असेल, तर तो सेवाशर्तींतला बदल ठरू शकतो. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ च्या कलम ९-अ मध्ये अशा बदलाआधी २१ दिवसांची नोटीस सांगितली होती. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये तीच तरतूद कलम ४० मध्ये आहे. युनियनशी झालेल्या कराराप्रमाणेच बदल होत असेल तर वेगळ्या नोटिशीची गरज पडत नाही. हे ठरवणं आपलं काम नाही. एचआर आणि कामगार कायद्याच्या वकिलाकडून लेखी उत्तर घ्यायचं, आणि प्लॅनमध्ये ते २१ दिवस धरायचे. मी तर ते ट्रेनिंगच्या आधीच धरते.

कायद्यापलीकडची गोष्ट जास्त महत्त्वाची. वेतनकराराची बोलणी चालू असताना नवी पद्धत सुरू करू नका. स्कॅनर कितीही निरुपद्रवी असला तरी टेबलावर तो "प्रॉडक्शन वाढवून मागायचं साधन" होतो, आणि युनियनच्या कमिटी मेंबरांच्या जागी मी असते तर मीही तो तसाच वापरला असता. करार कधी संपतो हे एचआरला पहिल्याच आठवड्यात विचारा. आणि कमिटीशी पहिली भेट नोटीसबोर्डावर कागद लागण्याआधी. बोर्ड वाचून कळलं की त्यांना आपल्या सभासदांसमोर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

बातमी कोणाच्या तोंडून?

दोन तोंडांतून. कंपनी हे का करतेय ते मालकाने किंवा प्लांट हेडने सांगावं. "तुझ्या कामात उद्यापासून काय बदलणार" ते मात्र ज्याचा त्याचा सुपरवायझर सांगेल. म्हणजे सुपरवायझरला आठवडाभर आधी सगळं माहीत हवं, त्याच्या शंका बंद दाराआड संपलेल्या हव्यात. ही पायरी चुकली की तो लाइनवर जाऊन म्हणतो, "वरून आलंय, करावं लागेल." एवढ्या वाक्यावर सहा महिन्यांचं काम पाण्यात जातं.

शिफ्ट सुरू होतानाची दहा मिनिटं पुरतात. बोलणं असं असावं: "सोमवारपासून जॉब कार्ड हाताने भरायचं नाही. ट्रॉली भरली की स्कॅन. रिजेक्शन वेगळं स्कॅन. वेळेचं गणित पहिले तीन महिने कोणी विचारणार नाही, साहेबांनी सही करून दिलंय, कागद इथे लावलाय. काही अडलं तर लाल टोपीवाला माणूस." माणसं कमी होणार का, हा प्रश्न येणारच. उत्तर माहीत असेल तर खरं सांगा. ठरलेलं नसेल तर "ठरलेलं नाही, अमुक तारखेला सांगू" असं सांगा आणि त्या तारखेला सांगायला जा. "कोणालाही हात लागणार नाही" हे वाक्य, ते तुमच्या हातात नसताना, चुकूनही बोलू नका.

नाशिकचं कॅलेंडर

१ एप्रिल ही तारीख अकाउंट्सला आवडते. आपल्याकडे याहून वाईट तारीख शोधून सापडणार नाही. वर्षअखेरचं स्टॉकटेकिंग आणि ऑडिट डोक्यावर असतं. दिंडोरी, निफाडकडून येणाऱ्या निम्म्या ऑपरेटरांची द्राक्षाची काढणी उरकत आलेली असते आणि लगेच एप्रिल छाटणी लागते. चैत्रात रामनवमी ते पौर्णिमा वणीच्या गडाची यात्रा. सिडकोतला खान्देशी माणूस आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावाला जाणार म्हणजे जाणार. त्यात ऊन. माझ्या त्या पहिल्या प्रोजेक्टच्या तिसऱ्या दिवशी, शिकवून तयार केलेल्या सहा जणांपैकी चार रजेवर होते, आणि रजेचे अर्ज महिनाभर आधीच दिलेले होते. मीच बघितले नव्हते.

गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांना सणांच्या आधी ऑर्डरचा जोर असतो, म्हणून ऑगस्ट ते दिवाळी टाळावं. २०२७ मध्ये तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या आहेत. रस्ते बंद, बस वळवलेल्या, माल कधी पोहोचेल याचा नेम नाही. त्या काळात कसलीही नवी सुरुवात ठेवू नका. माझी पसंती दिवाळीनंतरचा एक आठवडा सोडून पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. आर्थिक वर्षाच्या मध्येच सुरू केल्यावर अकाउंट्सला सुरुवातीची शिल्लक चढवायचा थोडा त्रास होतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पूर्ण मोजणी करा, होतं.

पायलट आणि शिकवणं

पायलटसाठी, म्हणजे आधी एकाच लाइनवर करून बघण्यासाठी, सगळ्यात गुणी लाइन निवडायचा मोह होतो. तिथे काहीही यशस्वी होतं, म्हणून बाकीचे त्यावर विश्वास ठेवत नाहीत. मधली लाइन घ्या: थोडं रिवर्क असलेली, सुपरवायझर कुरकुऱ्या पण शब्दाचा पक्का. चार आठवडे, त्यात एक महिनाअखेर आलीच पाहिजे, कारण खऱ्या भानगडी महिनाअखेरीला बाहेर येतात.

शिकवणं प्रोजेक्टरवर नको. हातात स्कॅनर, समोर स्वतःचा खरा पार्ट, तीन-चार जणांचा गट, पाऊण तास. पडद्यावरचे शब्द मराठीत हवेतच, पण "इनवर्ड", "रिजेक्शन", "चलन" यांचं शुद्ध मराठी करू नका. मी एकदा रिजेक्शनला "अस्वीकृत" केलं होतं आणि दोन दिवस त्या बटणाला कोणी हात लावला नाही. शिकवणाऱ्यात एक तरी लाइनवरचा माणूस घ्या. आमच्याकडे एक सेटर अहिराणीत समजवायचा. त्याच्या गटात जेवढ्या शंका निघायच्या तेवढ्या कन्सल्टंटच्या वर्गात कधी निघाल्या नाहीत.

एक चाचणी मात्र कठोर ठेवा. प्रत्येकाने चूक करून ती स्वतः दुरुस्त करून दाखवायची. चुकीचं स्कॅन मागे कसं घ्यायचं हे ज्याला येत नाही, तो घाबरून स्कॅनच करत नाही.

सुरू झाल्यावरचे सहा आठवडे

जुनं आणि नवं सोबत चालवायचं असेल तर दोन आठवडे, शेवटची तारीख आधीच जाहीर करून. तारीख नसली की ते कायमचं होतं. पहिल्या आठवड्यात तिन्ही शिफ्टला मदतीचा माणूस जागेवर. लाल टोपी किंवा काहीही, लांबून ओळखू येईल असं. तुम्ही स्वतः किमान दोन रात्री थांबा.

स्टोअरच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावा. जो अडेल त्याने तिथे अडचण लिहायची, समोर तुम्ही नाव आणि तारीख टाकायची. रोज सकाळी त्या बोर्डासमोर उभ्याने पंधरा मिनिटं, पाठीराख्यासकट. पहिल्या आठवड्यात बोर्ड भरून वाहतो. घाबरू नका. तो कोराच राहिला तर चौकशी करा, कारण त्याचा अर्थ तक्रारी चहाच्या टपरीवर चालल्या आहेत.

मोजमापात ट्रेनिंगची हजेरी आणि लॉगिनची संख्या यांना मी फारशी किंमत देत नाही. तीन आकडे बघा. मागच्या तारखेच्या किंवा शिफ्ट संपताना एकगठ्ठा झालेल्या नोंदी किती. उणे दिसणारा स्टॉक किती पार्टचा. आणि रोज पाच पार्ट चिठ्ठ्या टाकून निवडून, रॅकवर मोजून, सिस्टिमशी किती जुळतात. पहिला आकडा वापराबद्दल सांगतो, दुसरा पद्धतीतल्या भोकाबद्दल, तिसरा विश्वासाबद्दल. पाचपैकी पाच सलग दोन आठवडे जुळले, की लोक आपोआप नानांना फोन करायचं सोडून स्क्रीन बघतात.

याच काळात कुठेतरी छुप्या वह्या निघतात. ड्रॉवरमध्ये, लॉकरमध्ये, मोबाइलच्या नोट्समध्ये. जप्त करू नका. शेजारी बसून विचारा, "यात असं काय आहे जे सिस्टिममध्ये नाही?" उत्तर दर वेळी काहीतरी शिकवतं. आमची उसनवारी अशीच शेवटी सिस्टिममध्ये आली, "परत येणारा माल" या प्रकारच्या चलनाने, आणि त्यामुळे पहिल्यांदाच कळलं की शेजाऱ्याकडे आपलं किती अडकलंय.

हात काढून घेताना

सहा आठवड्यांनी किंवा तिन्ही आकडे स्थिर झाल्यावर काम त्या त्या खात्याच्या नावावर करा. पार्टची यादी कोण सांभाळणार, नव्या माणसाला कोण शिकवणार, स्कॅनर बिघडला तर फोन कोणाला, प्रत्येकासमोर एकच नाव आणि तो रजेवर असताना दुसरं. तीन महिन्यांनी एकदा, न सांगता, रात्रपाळीला चक्कर मारा.

राहिली जुनी रजिस्टरं. रद्दीत देऊ नका. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यायला हवा, आणि त्याचा माग बऱ्याचदा त्या जुन्या चलनांतच असतो. शेवटच्या नोंदीखाली रेघ मारा, तारीख टाका, स्टोअरकीपरची आणि अकाउंट्सची सही घ्या, खोक्यावर वर्ष लिहा. आमचं निळं रजिस्टर नानांनी स्वतः बांधलं, मागच्या पानांवरची पेन्सिलीची प्रत्येक ओळ सिस्टिममध्ये आली का ते टिकमार्क करून. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच ठेवली.